शिडावरचा नवरदेव

आमच्या घरात कुठलंही चित्र कुणालाच जसं आहे तसं बघवत नसे. ते आधी नीट करावं लागे, आणि नीट म्हणजे काय याबद्दल जितकी डोकी तितकी मतं होती.

चित्रं दाखवणारं यंत्र मामूनं आणलं होतं. मामू म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो आगबोटीवर खलाशी होता. दोनेक वर्षांनी घरी यायचा आणि दर खेपेला असं काहीतरी आणायचा, की ज्याची घरात कुणाला गरज नसे. एकदा त्यानं बर्फ ओढायचं लाकडी फावडं आणलं होतं. आमचं गाव आगरदांड्याजवळ, खाडीच्या काठावर. तिथं बर्फ कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. ते फावडं आईनं भात उन्हात घालायला घेतलं आणि पुढं बरीच वर्षं चांगलं चाललं.

पुढच्या खेपेला जादूचा कंदील आला. पत्र्याची पेटी, तिच्या डोक्यावर धुराडं, पोटात घासलेटचा दिवा, आणि पुढं पितळेची नळी, तिच्या तोंडाशी जाड भिंग. पेटी आणि नळी यांच्यामध्ये एक फट होती. तिच्यात रंगीत चित्राची काच सरकवली की समोरच्या भिंतीवर ते चित्र मोठं होऊन पडे. मुंबईला तेव्हा बोलपट नुकते आले होते म्हणत. आमच्याकडची चित्रं मुकी होती, बोलायचं काम बघणारेच करत.

पहिल्या संध्याकाळी भिंतीवर सिंह आला. तो सिंह आहे हे मामूनं सांगितलं म्हणून कळलं.

"वात वाढव," बाबा म्हणाले.

"वात न्हाय, नळी ओढा. मी मुंबईला पाहिलंय," चाचा म्हणाले. चाचा म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनी मुंबईला एकदा सिनेमा पाहिला होता, आणि त्यानंतर प्रकाशाशी संबंध असलेल्या कुठल्याही गोष्टीत त्यांच्यापुढं कुणाला बोलता येत नसे.

वात वाढवली तेव्हा धूर झाला. नळी ओढली तेव्हा सिंहाला दोन आयाळी आल्या. पेटी मागं नेली तर सिंह मोठा होऊन फिका पडला, पुढं आणली तर मांजराएवढा झाला. बाबांना मोठा हवा होता. चाचांना लख्ख हवा होता. आमची फुफी, बाबांची थोरली विधवा बहीण, तिचं म्हणणं निराळंच. "त्याला जरा बसवता येत न्हाय का रे? उभा राहून दमला असेल." सात सुगरणी आणि भाजी अळणी, तसं चाललं होतं. शेवटी मामूनं सगळ्यांचे हात बाजूला केले, नळी केसभर फिरवली आणि म्हणाला, "हात लावू नका. आता बरं दिसतंय."

आणि खरंच दिसला. सिंहाच्या मिश्या दिसल्या. मग चाचांनी हात लावला.

ते वाक्य तेव्हापासून घरचं झालं. नळी ज्याच्या हातात, तो ते म्हणायचा, आणि त्याचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचा हात नळीवर असायचा.

भिंतीला पोक होतं, त्यामुळं सिंहाला वशिंड यायचं. म्हणून चादर लावली. चादर अपुरी पडली. बाबांचा एक मचवा होता, खाडीतून मुरूड, दिघी, कधी मुंबईपर्यंत लाकूड आणि कौलं वाहायचा. त्याचं नवंकोरं शीड नुकतंच शिवून घरी आलं होतं. फुफीनं ते पाहिलं आणि तिचं ठरलं. शीड ओटी आणि माजघर यांच्या मधल्या रुंद दारात टांगलं गेलं. मामू म्हणाला, ओलं केलं तर चित्र पलीकडूनही दिसेल. बाबांचा जीव तुटत होता. शेवटी त्यांनी अट घातली, गोडं पाणी लावायचं नाही, बुरशी धरते. तेव्हा घरात चित्रं बघायची म्हणजे आधी कुणीतरी खाडीवरून खाऱ्या पाण्याचा हंडा आणायचा, असा रिवाज पडला. शेजारची बाई आईला विचारायची, "आज काय, हंडा चाललाय? सिंह येणार वाटतं."

घरात तसबीर टांगायची नाही, हा बाबांचा नियम होता. पण दिवा विझला की जे जातं, ते टांगलेलं कसं म्हणायचं, असा त्यांनी स्वतःशीच निवाडा केला. मला वाटतं, त्यांना सिंह आवडत होता.

मामू बोटीवर परत गेला, आणि कंदील चाचांच्या ताब्यात आला. त्याच सुमारास माझ्या लग्नाचं घाटू लागलं.

दोन स्थळं होती. एक चाचांनी आणलेलं, मुरूडचा लाकडाचा व्यापारी. बायको वारलेली, वखार मोठी, आणि वय बाबांच्या आसपास. त्याचा चेहरा मी पाहिलेला होता, कारण तो आमच्याकडे बाबांशी व्यवहाराला यायचा. चेहरा अगदी स्वच्छ दिसायचा, हीच अडचण होती. दुसरं स्थळ श्रीवर्धनकडचं. मुलगा आफ्रिकेत, मोंबाशाला, एका फोटोवाल्याच्या दुकानात कामाला. त्याला आमच्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं. चाचा म्हणायचे, "आफ्रिका म्हणजे काय आगरदांडा हाय? उद्या तिथं काय करतो, कोण बघणार?"

मला आफ्रिकेची भीती वाटत नव्हती. मला भीती होती ती न पाहता 'कबूल' म्हणायची. जन्मभर ज्याच्या ताटात वाढायचं, त्याचं तोंड निदान एकदा आधी दिसावं, एवढंच मला हवं होतं. हे मी कुणाला बोलले नाही. लग्न ठरत असलेल्या मुलीनं त्या दिवसांत फक्त चहा आणायचा असतो.

आणि मग मुलाचे धाकटे चुलते दिघीहून होडीनं खाडी ओलांडून आले. बरोबर कापडात, कापसात, वर डब्यात बांधलेली एक काच. आमच्या कंदिलाची कीर्ती श्रीवर्धनपर्यंत गेली होती, तिथून ती आफ्रिकेला गेली होती, आणि त्या मुलानं कागदाचा फोटो न पाठवता स्वतःला काचेवर उतरवून आपल्या आईकडे धाडलं होतं. त्याच्या आईनं ती काच चुलत्यांबरोबर पाठवली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं चाचा म्हणाले. मला मात्र फार आवडलं. कुणीतरी पहिल्यांदाच असं काही केलं होतं की जे आमच्या घराच्या वेडाला शोभेल.

चुलते शनिवारी परत जाणार होते. तोवर हो किंवा नाही सांगायचं होतं.

मगरीबचा, दिवेलागणीचा नमाज झाला, हंडा आला, शीड भिजलं. घरचेच असताना आम्ही सगळे एकाच बाजूला बसायचो. पण आज परका पुरुष होता. म्हणून पुरुष ओटीवर, कंदिलाच्या बाजूला, आणि आम्ही बायका माजघरात, शिडाच्या मागं. शिडाचाच पडदा झाला. फुफीला ही सोय इतकी आवडली की तिनं खास पानाचा डबा मागवला.

काच कंदिलात उलटी घालायची असते. चाचा ते विसरले. तेव्हा माझा नवरा आमच्या घरात पहिल्यांदा आला तो डोक्यावर उभा राहून. पलीकडे गडबड झाली. मग तो पायांवर आला. उंच, एवढा उंच की डोकं वर तुळईवर वाकलं होतं आणि बूट उंबऱ्याशी.

"मोठा हाय," फुफी म्हणाली.

"फिका हाय," आई म्हणाली.

मी पुढं वाकून बघत होते. कोट होता, खुर्चीची पाठ होती, कोटाची बटणं होती. चेहऱ्याच्या जागी दुधावरच्या सायीसारखं काहीतरी हलत होतं. पलीकडून बाबांचा आवाज आला, "बूट नीट दिसू दे." बुटांवर माणसाची ऐपत कळते, असं त्यांचं मत होतं. चाचांनी बूट नीट केले. चेहरा होता तोही गेला. मग पाहुणे म्हणाले, कोट बघा, कापड विलायती आहे. कोट नीट झाला. मला रडू यायला लागलं. सगळ्या घराला त्या माणसाचं काही ना काही दिसत होतं, आणि जे मला हवं होतं तेवढंच कुणी मागत नव्हतं.

"तोंड, तोंड दाखवा," फुफीनं शेवटी आतून हाक दिली. माझ्यासाठी नव्हे, तिला स्वतःला बघायचं होतं.

तोंड आलं. क्षणभर. आणि त्या तोंडावर, गालावर, बटाट्याएवढा काळा तीळ.

मी त्यापलीकडं काही पाहिलंच नाही. कुणीच पाहिलं नाही. वात भडकली, काजळी धरली, आणि चाचांनी खोकत दिवा विझवला.

पाहुणे जेवून झोपायला शेजारी गेले आणि घरात जे सुरू झालं ते शुक्रवारपर्यंत थांबलं नाही. फुफी म्हणाली, पोरगा नशीबवान आहे, मर्दाच्या उजव्या गालावर तीळ म्हणजे बरकत. चाचा म्हणाले, तीळ डाव्या गालावर आहे, आणि डाव्या गालावरचा तीळ म्हणजे उधळ्या. फुफी म्हणाली, मी माझ्या डोळ्यांनी उजवा पाहिला. आईनंही उजवाच पाहिला होता. बाबांनी आणि चाचांनी डावा पाहिला होता. चार भली माणसं, आणि एकाच गालावरून दोन तट पडले.

मला ते लगेच कळलं होतं. कशिदा काढलेल्या कापडाची उलटी बाजू पाहिली की वेल दुसऱ्या अंगाला वळते, त्यात काय मोठं? ते शिडाच्या पुढं बसले होते, आम्ही मागं. मी आईला हळूच सांगितलं. आई म्हणाली, "तू चहा बघ."

मग कुणालातरी सुचलं, काचच हातात घेऊन बघू. चाचांनी ती उजेडाकडं धरली. डावा. फुफीनं त्यांच्या हातातून घेतली, उलटून धरली. उजवा. "बघ," दोघंही एकमेकांना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पाहुण्यांनाच विचारलं. आडवळणानं, अदबीनं, मुलाच्या गालावर काही खूण आहे का म्हणून. पाहुणे विचारात पडले. मुलगा आफ्रिकेला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलीकडच्यांच्या घरी बसून नाही म्हणणं बरं दिसेना. "असेल, हाय तर," ते म्हणाले. कुठल्या? त्यांनी एक हात आपल्या गालाकडं नेला, मध्येच थांबले, समोर बसलेल्या बाबांकडं पाहिलं, दुसरा हात उचलला. "तो माझ्यासमोर बसतो ना, तर ह्या अंगाला. म्हणजे त्याच्या... म्हणजे माझ्या..." आणि त्यांनी दोन्ही हातांनी दोन्ही गाल धरले. दाराच्या फटीतून मी ते पाहिलं आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

पण बाबा हसत नव्हते. ते भित्र्या स्वभावाचे होते. मचव्याच्या बाबतीतही वाऱ्याचा भरवसा नसला की ते नांगर उचलत नसत. संध्याकाळी ते आईला म्हणाले, "गालाचा निकाल लागत न्हाय तर राहू दे. मुरूडचं स्थळ डोळ्यांसमोरचं हाय." ते मी ऐकलं. एका तिळापायी मी वखारीत जाणार होते.

शुक्रवारी दुपारी सगळे पुरुष जुम्म्याच्या नमाजाला गेले. पाहुणेही गेले. मी फुफीला म्हटलं, "फुफी, तुम्हांला उजवा तीळ परत बघायचाय?"

फुफीनं पानाचा डबा बंद केला. खिडक्यांना गोणपाटं तिनंच लावली. शीड भिजवायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती, कारण आज आम्ही पुढच्या बाजूला बसणार होतो, कंदिलाजवळ. आई दाराशी उभी राहून "लवकर, लवकर" म्हणत होती आणि मान वळवून बघतही होती.

मी दिवा लावला. इतके महिने मी कंदिलाची काच पुसली होती, वात कातरली होती, पण नळीला हात लावायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. सगळे पेटी मागं नेत. मी पुढं आणली, आणखी पुढं. चित्र लहान लहान होत गेलं.

"अगं, किती बारका करतेस त्याला," फुफी म्हणाली.

"माणसाएवढा," मी म्हटलं.

तो माणसाएवढा झाला, आणि एकदम लख्ख झाला. मी नळी केसभर फिरवली. डोळे आले. नाक आलं. मग ओठ. खालचा ओठ त्यानं आतून दातांत धरला होता. तो हसू दाबत होता. फोटो काढणारानं हलू नकोस म्हटलं असणार, आणि याला नेमकं तेव्हाच हसू आलं असणार. कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. कोट उसना होता, हे शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. विलायती कापडात उभा राहून तो स्वतःलाच हसत होता.

मला तो आवडला. हे मी आता सरळ लिहिते, तेव्हा तोंडातून शब्द निघाला नसता. कान गरम झाले आणि वाटलं, हाच.

फक्त तो तीळ. माणसाएवढ्या चेहऱ्यावर तो तिळाएवढाच होता, पण त्याच्या कडा फिस्कटलेल्या वाटत होत्या. काचेला धूळ असेल म्हणून मी ती बाहेर काढली, ओढणीच्या टोकानं पुसली आणि परत घातली.

तीळ नव्हता.

"काय केलंस गं हे?" फुफी जागची उठली. "पोराचा तीळ पुसलास!"

आईनं दार सोडलं आणि आत आली. आम्ही तिघी त्या तुळतुळीत गालाकडं बघत राहिलो. फुफीला खरंच वाईट वाटत होतं, बरकत होती ती तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. "परत लाव," ती म्हणाली. "काजळाचं बोट लाव. उजव्या अंगाला लाव. त्यांना काय कळतंय." आणि ती काजळाची डबी आणायला वळली, तेवढ्यात थांबली. तिनं माझी ओढणी हातात घेतली. टोकाला काळा डाग होता. तिनं तो बोटावर चोळला, नाकाशी नेला.

"काजळच हाय," ती म्हणाली. "एरंडेलावर घरी पाडलेलं."

आणि ती मटकन खाली बसली. हसत होती की रडत होती, मला कळेना. "अगं, त्याच्या आईनं तीट लावलीय. काच हातात आली, त्यात पोर दिसलं, आणि परक्या घरी पाठवायचं म्हटल्यावर त्या माऊलीनं काचेवरच्या पोराच्या गालाला तीट लावली. नजर लागू नये म्हणून."

आम्हांला इतका वेळ कसं सुचलं नाही, याचंच मला नवल वाटतं. आमच्याकडेही बारशाला, खतन्याला म्हणजे सुंतेला, नव्या मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेलासुद्धा काळं बोट लागत असे. पण काचेवर म्हणजे यंत्र, आणि यंत्रात माया असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

पुरुष नमाजाहून आले तेव्हा फुफी ओटीच्या दारात उभी होती. तिनं सगळं सांगितलं. पाहुणे मान डोलवत म्हणाले, "व्हय, लावली असेल. आमची भाबी निघताना माझ्या डब्यालासुद्धा लावते." चाचा मात्र इतक्यात हार मानणारे नव्हते.

"म्हणजे तीळ खोटा," ते म्हणाले. "पहिल्याच गोष्टीला खोटं."

"तीळ खोटा, माया खरी," फुफी म्हणाली. "ज्या घरात काचेच्या पोराला नजर लागू देत न्हाईत, तिथं आपली पोर उन्हात पडायची न्हाय. तू जा, तुझ्या वखारवाल्याला कोण तीट लावतं ते बघून ये."

बाबांनी दाढीवरून हात फिरवला. मग ते माजघराच्या दाराशी आले. आत न बघता, उंबऱ्याकडं बघत त्यांनी मला विचारलं, "तुला कसं वाटतं?"

मला असं कुणी विचारेल हे मी धरलंच नव्हतं. मी म्हणाले, "चित्र चांगलं आहे, बाबा. काही करायला नको."

आमच्या घरात हे वाक्य त्याआधी कुणी बोललं नव्हतं. बाबांना ते पुरलं.

पुढच्या वर्षी तो आफ्रिकेहून आला आणि निकाह झाला. वकील आणि साक्षीदार पडद्याशी येऊन विचारून गेले, आणि मी 'कबूल' म्हणताना ज्याला कबूल म्हणत होते त्याचा खालचा ओठ मला माहीत होता. फुफी आजूबाजूच्या बायकांना दबक्या आवाजात सांगत होती की मुलीनं आधी पाहिलाय हो, कंदिलात. सासरी, श्रीवर्धनकडे, सासूबाईंनी आम्हां दोघांना दारात उभं केलं आणि एवढ्या बाप्याच्या कानामागं काळं बोट लावलं. मग माझ्या.

त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही पहिल्यांदा दोघंच खोलीत होतो. कोनाड्यात साधा, घरचा कंदील होता. माझा नवरा म्हणाला, "तू मला पाहिलंस म्हणे. बाया, पुरुष, सगळ्यांनी पाहिलं. मी तुला कुठं पाहिलंय?"

मी मान खाली घातली. त्यानं कंदील कोनाड्यातून काढून पेटाऱ्यावर ठेवला. बघितलं. मग खिडकीत ठेवला. वात वाढवली. "जरा उजेडाकडं तोंड कर. न्हाय, एवढं न्हाय." पुन्हा पेटाऱ्यावर. मागं सरला, पुढं आला. वात आणखी वाढवली, आणि धूर झाला.

या अल्ला, मी मनात म्हटलं, मी तेच घर सोडून त्याच घरात आले. आणि मला एकदम परकं वाटेनासं झालं.

मी उठले. त्याच्या हातातून कंदील घेतला, वात खाली केली, काजळी पदरानं टिपली आणि कंदील आम्हां दोघांच्या मध्ये, जवळ, जमिनीवर ठेवला. मग त्याच्यासमोर बसले आणि मान वर केली.

तो बघत राहिला. खालचा ओठ दातांत गेला. थोड्या वेळानं सवयीनं त्याचा हात वातीकडं गेला, आणि तो मी धरला.

"हात लावू नका," मी म्हणाले. "आता बरं दिसतंय."